टाकीची पूर्वेकडची बाजू

दिग्रसच्या बाहेर, दारव्हा रोडला लागून एक जिनिंग आहे. तिथे आग्या मोहोळ येऊन बसलं तेव्हा कापूस खरेदीच्या मुहूर्ताला थोडेच दिवस उरले होते. आवारात आग विझवायला लागणारं पाणी साठवायची सिमेंटची उंच टाकी होती. तिच्या पूर्वेकडच्या बाजूला, तळाच्या कडेखाली ते लटकलं. लांबून पाहिलं तर कुणी काळं ओलं घोंगडं वाळत टाकलंय असं वाटे. जवळ गेलं की त्या घोंगड्यावरून मधूनच एक लाट सरकत जाई, वरून खाली, आणि सगळं पुन्हा गप्प होई.

दिपालीला ती लाट पहिल्यांदा दिसली तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. ती जिनिंगमध्ये मेंटेनन्सची सुपरवायझर होती. यवतमाळला डिप्लोमा केला आणि इथे लागली. पट्टे, मोटारी, पंप हे तिच्याकडे. टाकी रंगवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

ती तडक मॅनेजर भगवानरावांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, ते मोहोळ काढल्याशिवाय टाकीले हात लावाचा नाही."

"मोहोळ काढनाऱ्याले मीच फोन केला," भगवानराव म्हणाले. "तो सोमवारी येतो म्हन्ते. अन् देवरावची बूम लिफ्ट उद्या येऊन राह्यली. परवा ती पुसदले चालली. एकदा गेली की मंग दिवाळीपर्यंत तिचं तोंड दिसत नाही."

"मंग दिवाळीनंतर रंगवू."

"मुहूर्ताले शेठ येनार, गावचे लोक येनार. गेटातून आत पाय टाकला की पहिली टाकीच दिसते, शेवाळलेली." भगवानरावांनी खिडकीतून वर पाहिलं. "अवं, पश्चिमेकडून रंगवू ना. पूर्वेकडं जायचंच नाही. ते त्याच्या जागी, आपन आपल्या जागी."

दिपालीने बाहेर येऊन रंगाऱ्याला तसं सांगितलं. त्यानेही मान हलवली. ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट आली. पिवळी, चार मोठ्या चाकांची, तिचा लांब हात दुमडून पाठीवर ठेवलेला. हाताच्या टोकाला लोखंडी कठड्याची बास्केट. ती चालवणारा लालसिंग दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा, चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. बास्केटमध्ये चढायच्या आधी तो टाकीभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. पूर्वेकडे तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला.

"मॅडम, हे झोपलेलं नाही," तो दिपालीला म्हणाला.

"साहेब म्हन्ते तिकडं जायचं नाही."

"आपन नाही जानार. पन ते येऊ शकते ना."

तेवढ्यात देवराव मोटरसायकलवरून उतरला. लिफ्ट त्याची. त्याने जमीन पाहिली, चाकं पाहिली, सेफ्टी बेल्ट स्वतः ओढून पाहिले. हलगर्जी माणूस नव्हता तो. मग मशीनच्या खालच्या पॅनेलवरचं बटण बास्केटच्या बाजूला फिरवलं आणि चाबी काढून खिशात टाकली. आता मशीन फक्त वरून, बास्केटमधूनच चालणार होती.

"चाबी राहू द्या ना खाली, देवरावभाऊ," लालसिंग म्हणाला.

"नाही रे बाबा. मांगच्या महिन्यात काय झालं, मालूम आहे ना? ट्रकच्या क्लीनरनं गंमत म्हनून खालून दांडी ओढली. वरचा मानूस मरता मरता वाचला. माह्या खिशात आहे तोवर कोनी बोट लावनार नाही." मग तो दिपालीकडे वळला. "मॅडम, तुमी फक्त मशीनजवळ कोनाले येऊ देऊ नका. मी गावातून डिझेल घेऊन आलोच."

तो गेला. दिपालीने मशीनभोवती दोरी बांधली आणि दोरीपाशी उभी राहिली. एवढंच तिला सांगितलं होतं.

बास्केटमध्ये दोघं होते. लालसिंग आणि रंगारी अंकुर. अंकुर दिग्रसचाच, नुकतं लग्न झालेला, सतत गुणगुणणारा. टाकीखालच्या पंपावर रंग सांडू नये म्हणून त्यांनी बास्केटच्या तळाला ताडपत्री अंथरली होती. लालसिंगने अंकुरच्या बेल्टचा हूक कठड्यात अडकवला, मग स्वतःचा. इंजिन घरघरलं आणि बास्केट हळूहळू वर गेली, टाकीच्या पश्चिमेला जाऊन थांबली.

तासभर सगळं नीट चाललं. अंकुर तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडत होता. लालसिंग मधूनच बास्केट हातभर सरकवी. वाराही बरा होता, इंजिनाचा धूर शेतांकडे जात होता. दिपाली दर थोड्या वेळाने पूर्वेकडे जाऊन पाहून येई. दोनदा लाट दिसली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ती थांबतच नव्हती. एक विरली की दुसरी, दुसरीवर तिसरी. तिच्या ध्यानात आलं की वारा फिरला आहे. इंजिनाचा काळा धूर टाकीच्या तळाखालून इकडेच येत होता.

ती धावत परत आली. "लालसिंगभाऊ! इंजिन बंद करा! नाही, खाली या, खाली!"

वर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. अंकुरच्या हेल्मेटवर एक माशी येऊन बसली. मग दुसरी. त्याने ब्रश थांबवला.

"केळ्याचा वास कुठून येऊन राह्यला, भाऊ?" त्याने विचारलं.

लालसिंगलाही आला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा असतो तसा गोडसर. माशीने नांगी मारली की असा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात, हे तांड्यावर त्याने लहानपणी ऐकलं होतं. त्याने काही न बोलता दांडी मागे ओढली. बास्केट टाकीपासून सुटून दोन हात मागे आली.

तेवढ्यात टाकीच्या दोन्ही अंगांनी त्या आल्या.

अंकुर ओरडला, दोन्ही हात फिरवू लागला आणि तोल जाऊन बास्केटमधल्या पॅनेलवर पडला. त्याच्या कोपराखाली मशीन तातडीने बंद करायचं लाल बटण दाबलं गेलं. इंजिन बंद पडलं. लालसिंगने दांडी ओढून पाहिली, पुन्हा ओढली. मशीन हलेना. बटण दाबलं गेलंय हे त्याला कळलंच नाही. तोवर त्याच्या पापण्यांवर माशा होत्या.

इंजिन थांबल्यावर खाली दिपालीला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. मोठा ट्रान्सफॉर्मर घुमतो तसा, पण सगळीकडून. तिने वर पाहिलं. बास्केटभोवती हवा काळी झाली होती. त्या काळ्यात अंकुर कठड्यावर पाय देत होता. त्याचा एक हात बेल्टच्या हुकावर होता. हूक काढून टाकीच्या शिडीवर उडी मारायची, एवढंच त्याला सुचत होतं. शिडी चार हातांवर होती आणि तो ती गाठू शकला नसता.

लालसिंगने त्याला कमरेला धरून आत ओढलं. ताडपत्री त्याच्या डोक्यावरून टाकली, त्याला कोपऱ्यात दाबलं आणि वरून स्वतः पालथा झाला.

दिपाली मशीनच्या पॅनेलपाशी धावली. दांड्या ओढल्या. काहीच नाही. चाबीच्या जागी फक्त एक भोक होतं. तिने देवरावला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"देवरावभाऊ, माशा उठल्या! मशीन बंद पडली! चाबी!"

"माह्याच खिशात आहे. निघालो, निघालो मी—"

"तुमी येईस्तोवर ते मरतीन! दुसरं काही आहे का? खालून उतरवाचं काही?"

"आहे. हातानं उतरवाचं असते. मांगच्या झाकनाखाली लाल नट आहे. नाही, थांबा, मांगच्या नाही... मले मशीन घेतली तेव्हा एकदाच दाखवलंतं, मॅडम. बाजूचं झाकन पाहा. तिथं एक दांडा असन पंपाचा."

मागचं झाकण तिने आधी उघडलं. बॅटरी. बाजूचं झाकण गंजून बसलं होतं. तोवर माशा खालीही आल्या होत्या. एक तिच्या कानामागे चावली, एक मनगटाला. तिने ओढणी तोंडाला गुंडाळली आणि हातात आलेल्या लोखंडी सळईने झाकणावर घाव घालायला सुरुवात केली. पलीकडून भगवानराव स्वतः आगीचा पाइप घेऊन धावत आले, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत पडलेली. पाण्याची धार वर गेली आणि अर्ध्यावरच मोडली. बास्केटपर्यंत ती पोचली नाही. ते रडवेले होऊन पाइप धरून उभे राहिले.

झाकण उघडलं. दिपालीने नट फिरवला, दांडा हलवला. आधी काही झालं नाही. मग आत कुठेतरी तेल सुस्कारल्यासारखा आवाज आला आणि तो पिवळा हात खाली येऊ लागला. फार हळू. ती दांडा मारत राहिली. वर पाहायचं नाही असं तिने ठरवलं आणि तरी पाहत राहिली. बास्केट खाली आली तशी ती पाण्याच्या धारेत शिरली आणि माशा थोड्या फाकल्या.

लालसिंग अजून तसाच वाकलेला होता. त्याची पाठ, मान, कान काहीच ओळखू येत नव्हतं. "याले आधी घ्या," तो म्हणाला. बोलताना त्याच्या ओठांवरूनही माशा झाडाव्या लागल्या.

गावातल्या दवाखान्यात दोघांना इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. अंकुरला थोडेच डंख होते. लालसिंगच्या अंगातले काटे काढायला दोन नर्स संध्याकाळपर्यंत बसल्या. पण संध्याकाळी तो उठून बसला. चेहरा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, तरी त्याने चहा मागितला. बायको धनीबाई तांड्यावरून जीपने आली. तिला तो म्हणाला, "पाह्य, तुह्या नवऱ्याचं थोबाड आता कसं भरलं." सगळे हसले. देवराव तर हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागला. खिशातून चाबी काढून तो चाबीकडेच बघत राहिला आणि मग ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "यांना आजच यवतमाळला न्या," ते म्हणाले. "इतकं विष अंगात गेलंय. त्याचा त्रास नंतर होतो."

"आता बरं वाटून राह्यलं, डॉक्टरसाहेब," लालसिंग म्हणाला. "रात्री कायले हालवता? सकाळी पाहू."

दिपालीलाही तेच ऐकायचं होतं. कानामागची सूज चोळत ती घरी गेली आणि कितीतरी वेळ आंघोळ करत राहिली.

सकाळी धनीबाईचा फोन आला. ती घाबरलेली नव्हती, फक्त विचारत होती. "मॅडम, याची लघवी काळ्या चहासारखी येऊन राह्यली. असं होते का माशीनं?"

दिपाली दवाखान्यात पोचली तोवर लघवी येणंच थांबलं होतं. डॉक्टरांनी गाडी आधीच बोलावली होती. यवतमाळला नेल्यावर कळलं, मूत्रपिंडं बंद पडली आहेत. डायलिसिस सुरू झालं. पहिल्या दिवशी लालसिंग बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो धनीबाईला ओळखेना. त्यानंतर चेहऱ्यावरची सूज उतरत गेली, रोज थोडी थोडी, आणि त्याचा मूळचा हाडकुळा चेहरा पुन्हा दिसू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की माणूस बरा होतोय. रविवारी पहाटे तो गेला.

मुहूर्त पुढे ढकलला गेला. पोलिसांनी देवरावचा जबाब घेतला, भगवानरावांचा घेतला, दिपालीचाही. लिफ्ट ठाण्याच्या आवारात उभी राहिली.

तेराव्यानंतर दिपाली आणि अंकुर तांड्यावर गेले. अंकुरच्या गालावरचं कातडं अजून सोलत होतं. धनीबाई ओट्यावर बसली होती, शेजारी तिची मुलगी राखी. बसायला सतरंजी टाकली गेली. धनीबाईने अंकुरकडे पाहिलं.

"मले एक सांग," ती म्हणाली. "वरतं तो काही बोलला?"

"सारखे बोलत होते," अंकुर म्हणाला. "मी ताडपत्रीखाली होतो, मले दिसत काही नव्हतं. 'डर मत, मं छू' म्हनत होते. 'मं छू, मं छू.' शेवटी शेवटी आवाज बसला, पन म्हनायचे थांबले नाही."

"आमच्या बोलीत 'मी आहे' म्हन्ते तसं," धनीबाई म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "तो होता. वरतं तो होता." ती दिपालीकडे वळली. "अन् खाली कोन होतं?"

"मी होती, मावशी."

"मंग इतका वेळ काहून लागला?"

दिपालीकडे उत्तरं होती. चाबी, देवराव, गंजलेलं झाकण. सगळी खरी होती आणि पोलिसांना तिने तीच दिली होती. "मशीन खालून कशी उतरवाची ते मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "अन् लालसिंगभाऊ वर जायच्या आधी मी कोनाले विचारलंबी नव्हतं."

धनीबाईने मान हलवली. रागाने नव्हे, ऐकलं एवढंच सांगायला. राखीने पाणी आणून दिलं.

"पे पानी," धनीबाई म्हणाली. "उन्हाची आली तू."

ती उठून आत गेली. दिपाली आणि अंकुर ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. ती पुन्हा बाहेर आली नाही.