एकशे आठ प्रदक्षिणांचा ब्रेक

सिंहगडाच्या घाटात, अर्ध्या उतारावरच्या वळणावर, तेजसच्या लाल गाडीभोवती ही गर्दी! हातात लिंबू धरून घाटबाबा गाडीला प्रदक्षिणा घालत होते.

"पंच्याण्णव! धरणीमाते, गिळलेली ब्रेकची पकड परत दे! शहाण्णव!"

मागच्या सीटवर तेजसची आई सत्यशीलाबाई आणि बहीण आम्रपाली बसल्या होत्या. आम्रपालीचं बिबवेवाडीत गॅरेज, पण पिकतं तिथे विकत नाही. भावाने ही दणकट इंजिनाची जुनी गाडी घेतली, शर्यतीच्या गाडीचे महागडे ब्रेक पॅड परस्पर बसवले आणि बहिणीला विचारलंसुद्धा नाही. अर्ध्या तासापूर्वी ब्रेकचं पेडल तळाला गेलं, गाडी कशीबशी हँडब्रेकवर थांबली. तेव्हापासून आम्रपालीच्या जिवाला चैन नव्हती.

"एकशे आठ! दाब, बाळा!"

तेजसने दाबलं. पेडल टणक! टाळ्या कडाडल्या.

"आता बिनधास्त उतर. वर्षभर ब्रेकला हात लावू नकोस."

तेजस निघालाच. आम्रपालीने त्याचा खांदा धरला. "थांब! आई गाडीत आहे."

ती उतरून मागच्या गाडीपाशी गेली. तिथे बापूराव नावाचे एक गृहस्थ घाम पुसत आपल्या नंबराची वाट पाहत होते.

"अहो, आपलाही ब्रेक गेला होता ना?"

"गेला म्हणून तर रांगेत आहे."

"बाबांनी हात लावला?"

"अजून नाही."

"मग दाबून बघा."

बापूरावांनी दाबलं. "अहो, लागतोय की!"

बाबा खाकरले. "आमची कृपा रांगेलाही लागते."

"मग रांगच पुरे. आपण घरी जा," आम्रपाली म्हणाली.

लोक हसले. आम्रपालीने भावाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. डबीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं.

"हे कधी बदललंस?"

"पॅड नवेच आहेत ना!"

"पॅड नवे, ऑइल जुनं. पायाचा जोर चाकापर्यंत हे ऑइलच नेतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. उतारावर सतत ब्रेक दाबला की तापतं आणि त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गाडी उभी राहून थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी. प्रदक्षिणांना अर्धा तास लागतो, एवढाच बाबांचा चमत्कार."

"पण आता लागतोय ना?"

"आता लागतोय. चार वळणांनी पुन्हा तापेल."

सत्यशीलाबाई दार उघडून खाली उतरल्या. "गाडी ओढून नेणारा बोलाव, तेजस. नाहीतर माझ्या जागी महाराजांना बसव. काय महाराज, येता खाली?"

बाबांनी दरीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आम्ही... पायीच बरे."

तेजसने किल्ली बहिणीच्या हातात दिली.

लोकहो, ज्याचा स्वतःच्या लिंबावर भरवसा नाही, त्याच्या हवाली आपली माणसं करू नका. ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदला, आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याला गाडीत बसायला सांगा.