दोन खोल्यांचे दोन टीव्ही

हॉलसाठी मोठा आणि आतल्या खोलीसाठी लहान, असे दोन टीव्ही घ्यायचे हे लेकीनं घरूनच ठरवून आणलं होतं. दुकानात शिरल्याशिरल्या तिनं सेल्समनला सांगून टाकलं. मोठा बाबांचा, लहान आईचा.

बाबांना सगळी गल्ली भोंगेकाका म्हणायची. बत्तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला, त्यात कान गेले, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशा थाटात ते बोलायचे. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेलं. मग रोज संध्याकाळी मालिका लागली की काकूंनी त्यांच्या कानाशी तोंड न्यायचं आणि कोण काय म्हणालं ते ओरडून सांगायचं, हा घरचा शिरस्ता. बारा वर्षं चाललेला. काकूंचा घसा बसायचा, पण काका खूश. या वयात बायको एका सोफ्यावर इतकी खेटून बसते ती टीव्हीच्या कृपेनं, हे ते पुरतं ओळखून होते. म्हणून तर दुसऱ्या टीव्हीचं नाव निघाल्यापासून ते कुरकुरत होते. एक पुरे की, उगाच कशाला, असं त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. कुणी दाद दिली नाही. काकू तर आपला टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा तेही ठरवून आल्या होत्या.

सेल्समननं मोठ्या पडद्यावर नेमकी काकूंचीच मालिका लावली. दुपारी जुना भाग पुन्हा दाखवतात, तो. पडद्यावरची सून नवऱ्याशी बोलत होती. काकूंचं तोंड सवयीनं काकांच्या कानाशी गेलं.

"ती म्हणतेय, माझी आई गेली तेव्हा तुम्ही मला एकटीला पाठवलंत. एका दिवसाची रजा निघाली नाही तुमची."

तेवढ्यात सेल्समननं रिमोटवर काहीतरी दाबलं आणि पडद्यावरचं बोलणं तळाशी अक्षरांत उमटायला लागलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खास सोय, असं तो लेकीला समजावत होता. काकांनी वाचलं. पाहुणे उद्या सकाळी येणार आहेत, गाद्या उन्हात टाकायला हव्यात. आणि कानात काकूंचं चालूच होतं, की ती म्हणतेय, जेवलीस का, हे तरी कधी विचारलंत?

"हा सेट खोटं लिहितोय," काका म्हणाले.

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. सेल्समन बिचारा गोरामोरा झाला. अक्षर न अक्षर बरोबर आहे, असं तो शपथेवर सांगू लागला. लेक हसली, मग आईचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

काकूंनी पुन्हा कानाशी तोंड नेलं. "सेट चांगला आहे. मीच माझं सांगत होते."

"कधीपासून?" काकांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू विचारलं.

"आधी पडद्यावर बोलतील तेच सांगायचे. मग एकदा मधेच माझं घातलं. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. एरवी मी बोलायला लागले की तुम्ही पेपर उघडता."

काका हबकले. त्या मालिकेतल्या बाईचं रडगाणं त्यांना एकेक आठवायला लागलं. दरवेळी ते नवऱ्याचीच बाजू घ्यायचे. नोकरी म्हणजे काय खेळ आहे का, या बाईला कितीही द्या, समाधान म्हणून नाही. आणि काकू पडद्याकडे बघत मान डोलवायच्या. इतकी वर्षं बायको गाऱ्हाणं घालत होती आणि आपण तिच्या तोंडावर निकाल देत होतो, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकच टीव्ही घेऊ," ते म्हणाले. "तू तुझंच सांग. मी ऐकतो."

काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आता सांगायचं काही उरलं नाही हो. मला जरा गप्प बसून बघायचंय."

दोन्ही सेट घरी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिकेच्या वेळी काकांनी हॉलमधला टीव्ही बंद केला, खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली आणि काकूंच्या पलंगाशेजारी कान पुढे करून बसले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पाठीमागची उशी नीट केली आणि नजर पुन्हा पडद्याकडे वळवली. आतल्या सेटला अक्षरांची सोय नव्हती. भाग संपेपर्यंत काका तसेच बसून राहिले. काकूंचे ओठ एकदाही हलले नाहीत.