दक्षिणेहून आलेला पाहुणा

सुएलाननं उकळत्या पाण्यातून कोंबडी मान धरून वर काढली, निथळू दिली आणि पुन्हा बुडवली. आज गावदेवाचा उत्सव. या चिनी बेटावर, वेनचांगकडच्या गावांत, या दिवशी ज्याच्या अंगणात पाहुणे जास्त, त्याची मान ताठ. तिच्या अंगणात चुलत दिराची सून मेइचिन सोडली, तर कुणी नव्हतं.

नारळीच्या बागेतून धूळ उडवत एक मोटार आली आणि फाटकाशी थांबली. उतरलेला माणूस चाळिशीचा असेल. चालताना त्याचा उजवा खांदा किंचित पुढे येत होता.

सुएलानचा हात तसाच राहिला. तिचा नवरा तिंगहुइ असाच चालायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि तो गलबतात बसून सिंगापूरला गेला. तेव्हा ती अठराची होती. आता पासष्टी ओलांडली. तिकडे त्यानं दुसरा संसार थाटल्याचं गावाला ठाऊक होतं. तिलाही.

पाहुण्याच्या बाहीवर सुतकाचा काळा तुकडा टाचलेला होता. तो पाहून तिनं कोंबडी परातीत ठेवली, अगदी सावकाश.

"आत्या ना तुम्ही?" त्यानं वाकून हात जोडले. बोली थेट गावची. "मी काइशेंग. तिंगहुइंचा मुलगा."

"अहो, आत्या कुठल्या?" मेइचिन फणकारली. "या तर तुमच्या—"

सुएलाननं तिचं मनगट घट्ट दाबलं.

"भात बघ जा. करपेल." मग ती पाहुण्याकडे वळली. "हो रे बाबा, मीच आत्या. उन्हात काय उभा राहिलास? ये."

तिंगहुइला बहीण नव्हती. नवसासायासानं झालेला एकुलता एक मुलगा होता तो.

"कधी?" तिनं बाहीकडे पाहत विचारलं.

"महिना झाला. झोपेतच गेले."

"म्हणजे हाल नाही झाले."

"नाही."

तिनं मान हलवली आणि कोंबडीचे तुकडे करायला घेतले. आज सुरा हाडांवरून नीट चालत नव्हता. तोवर काइशेंग परसात फिरून आला. कधी पाऊल न टाकलेल्या घरात त्याला सगळं माहीत होतं. विहीर कुठे, डुकरांचा गोठा कुठे, मुळाशी धरलेला फणस सगळ्यांत गोड कसा.

"एवढं सगळं सांगायचे?"

"दुसरं बोलायचेच काय! आम्हा पोरांना कंटाळा यायचा."

दूर देवळापुढे बाहुल्यांच्या खेळाचं वाद्य सुरू झालं. मेइचिननं नारळाच्या दुधातला भात आणून आदळला. तिचा राग अजून गेला नव्हता. पहिला घास घेऊन काइशेंग थांबला.

"काय रे, खारट झालाय?"

"नाही. आई तिकडे असाच करते. म्हणजे, करायचा प्रयत्न करते. बाबा रोज म्हणायचे, चांगला आहे, पण ताईच्या हातचा वेगळाच."

"ताई म्हणायचे?"

"हो. थोडी चढली की तुमचाच विषय. ताई केस कशी धुते, ताई गाणं अर्ध्यात कशी सोडते. आणि रडायचे. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा रडायचा." तो जरा संकोचून हसला. "आई एकदा चिडून म्हणाली, बहिणीसाठी कुणी एवढं झुरतं का हो?"

मेइचिन भाताचा चमचा हातात धरून तशीच उभी राहिली.

"मग?" सुएलाननं विचारलं. "ते काय म्हणाले?"

"आणखीच रडायला लागले. आई थोडा वेळ बघत बसली त्यांच्याकडे. मग उठून त्यांना पाणी दिलं. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आता मला इकडे धाडलं तेही तिनंच. म्हणाली, त्यांना समक्ष सांगून ये."

सुएलाननं कोंबडीची तंगडी उचलून त्याच्या वाडग्यात ठेवली. वर आल्याची चटणी घातली, लिंबू पिळलं. बोटं अंगरख्याला पुसली, तरी पुसतच राहिली.

"पुढच्या उत्सवाला तिला घेऊन ये," ती म्हणाली.

"आईला? एवढ्या लांब?"

"येईल ती. तू नुसतं विचार." तिनं वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "खा, गार होतंय."