घंटेच्या वेळी निसटलेला सूर्य

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. धुळीला नावं ठेवू नका, तीच माझी सोबतीण आहे. तुम्हाला एका सूर्याची गोष्ट सांगतो. तो बुडाला, पण बुडताना दिसला नाही.

मी एक जुना सिनेकॅमेरा आहे, किल्लीवर चालणारा. आता स्प्रिंग दमली आहे. किल्ली दिली तरी कुरकुरते आणि मध्येच थांबते. जन्म दूरदेशी झाला. वटार गावच्या बॅप्टिस्टमास्तरांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने मला त्यांच्याकडे आणले. तेव्हा माझा केवढा मान! लग्न असो की बाप्तिस्मा, माझ्याशिवाय पान हलत नसे. उपवासकाळात चर्चच्या आवारात कीर्तन रंगे, तिथेही मास्तर मला नेत. माझी फीत मुकी, पण मी ऐकत असे. टाळांचा तो ठेका अजून माझ्या दातऱ्यांत आहे. असो, पूर्वरंग पुरे. मूळ कथा ऐका.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मास्तरांची बायको, पॉलिनबाई, खाटेला खिळली. माहेर समुद्रकाठच्या अर्नाळ्याचे, पण गाडीचा एक धक्का तिला सोसवत नव्हता. खिडकीतून दिसत फक्त केळी.

"माझ्या माहेरचा सूर्य पाण्यात टेकताना एकदा बघायचाय," ती म्हणाली. "मग बोलवू दे देवाला."

डबीत एकच रीळ उरले होते. सगळी संध्याकाळ त्यात मावायला हवी, म्हणून एका खटक्याला एकच चित्र घ्यायचे ठरले. मास्तरांनी अर्नाळ्याच्या वाळूत मला तीन पायांवर उभे केले आणि खिशातून जपमाळ काढली. एक 'नमो मरिया', एक खटका. त्यांना घड्याळाची गरजच नव्हती.

सोबत आलेले शेजारचे वाडीवाले नरहरीभाऊ हसले. "मास्तर, सूर्य काय पळून जातोय? रोजच तर बुडतो."

"रोज बुडतो, पण आमच्या घरात नाही ना बुडत," मास्तर म्हणाले. मणी सरकत राहिले.

सूर्य पाण्यापासून बोटभर वर असताना चर्चची घंटा झाली. मित्रांनो, आमच्याकडे सांजेची घंटा झाली की हातातला विळाही थांबतो. मास्तर उठले. टोपी काढली, डोळे मिटले, सांजप्रार्थना म्हटली. ती संपली तरी त्यांचे ओठ हलतच राहिले. मी टक लावून बघत होतो. सूर्य टेकला, चपटा झाला, विरघळला. पण बोट लागल्याशिवाय मला एकही चित्र घेता येत नाही.

"गेला, मास्तर," नरहरीभाऊ हळूच म्हणाले.

रीळ मुंबईहून धुऊन आले तेव्हा पावसाळा लागला होता. भिंतीवर चादर ताणली. होड्या मुंग्यांसारख्या धावल्या, आभाळ केशरी झाले, सूर्य सरसर उतरला आणि पाण्याच्या जरा वर असतानाच नाहीसा झाला.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "पाऊस उघडला की पुन्हा काढतो."

पॉलिनबाई चादरीकडेच बघत होती. "घंटा झाली होती ना?"

"हो."

"टोपी काढलीत?"

"काढली."

"एवढा वेळ? सांजप्रार्थना तर केवढीशी असते. आणखी कोणासाठी म्हणत होतात?"

मास्तर खाटेच्या कडेला बसले. तिने त्यांचा हात शोधला.

"परत लावा," ती म्हणाली. "सूर्य जिथे नाहीसा होतो, ती मोकळी जागा मला पुन्हा दाखवा."

पाऊस उघडण्याआधी ती गेली. मास्तरांनी मला पुन्हा किल्ली दिली नाही. पुढे गावात व्हिडिओ आला, आणि मी या कपाटावर. दमलोय मी.

मित्रांनो, माझी काच पुसलीत तर बरे. नाही पुसलीत तरी चालेल. एवढेच करा. सांजेची घंटा ऐकू आली की हातातले काम थांबवा आणि अर्नाळ्याच्या पॉलिनबाईसाठी एक 'नमो मरिया' म्हणा. येत नसेल तर तुमच्या देवाचे नाव घ्या. सूर्य तेवढ्यात गेला तर जाऊ द्या.