पाचवी किल्ली

खरं सांगा, घराची किल्ली तुम्ही कुणाला भरवशाने देता? बसा निवांत, उत्तराची घाई नाही. मी डेडबोल्ट बोलतोय, म्हणजे पोलादी दांड्याचं कुलूप, समोरच्या दारात छातीएवढ्या उंचीवर बसवलेला. जन्म कारखान्यातला, पण अक्कल दुकानातली. हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं काचेखाली पडून होतो; माणसं ओळखायला तिथेच शिकलो.

आमचा दुकानदार गिऱ्हाइकाला लॅच आणि मी, दोघांना शेजारी ठेवून दाखवायचा. लॅचची जीभ तिरपी, मागे स्प्रिंग. फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवली की ती मुकाट्याने आत जाते. माझा दांडा सरळ, पोलादी; किल्ली फिरवल्याशिवाय तसूभर हलत नाही. वर तो बजावायचा, "दांडा ज्यात शिरतो ती चौकटीतली पट्टी तीन इंची स्क्रूने बसवा. आखूड लावाल, तर एका लाथेत कुलूप शाबूत आणि चौकट जमिनीवर."

या घरातल्या काकांनी मला घेतलं ते काकूंसाठी. त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं. कुणी भामटा आत शिरला तर उठून ओरडायचीही सोय नाही. माझ्याबरोबर पाच किल्ल्या आल्या. एक काकांकडे, एक मुलाकडे, एक सुनेकडे, एक काकूंना सांभाळायला येणाऱ्या मावशींकडे. पाचवी काकांनी पहिल्याच दुपारी, विसरलो तर हाताशी असावी असं पुटपुटत, चौकटीच्या वरच्या कडेवर ठेवून दिली.

म्हणजे बघा. एवढा पोलादाचा पहारेकरी आणायचा आणि त्याची किल्ली त्याच्याच डोक्यावर ठेवायची. मला हात असते तर कपाळाला लावले असते. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना काका दार नुसतं ओढून घेत. आत्ता येतो, म्हणत. चोरालाही तेवढंच 'आत्ता' पुरतं, हे त्यांना कोण सांगणार?

मावशी तेवढ्या वेगळ्या. औषधं आणायला निघाल्या तरी किल्ली दोन फेरे फिरवायच्या, दार ढकलून पाहायच्या, मगच जिना उतरायच्या.

सहा महिन्यांनी मुलाने किल्ल्या मोजल्या. चारच भरल्या. काका छातीठोकपणे म्हणाले, पाचवी कपाटात होती. कपाट उपसून झालं, गाद्या उलथून झाल्या. मग मुलगा मावशींच्या देखतच म्हणाला, "बाहेरचं माणूस घरात एकच आहे."

मी सगळं पाहिलेलं. पण कुलपाला तोंड असतं ते फक्त किल्लीपुरतं.

मावशींनी पिशवीतून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही माझी. मोजून घ्या," एवढंच बोलल्या आणि गेल्या. जाताना सवयीने दार ढकलून पाहिलं.

मुलगा-सून कामावर गेले की काकूंना उठवून बसवणारं कुणी उरलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी जोर लावून पाहिला, तर दोघंही पलंगावर आडवे. तशा अवस्थेतही काकू म्हणाल्या, "चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही. आधी स्वतःला विचारा." काकांनी स्वतःला काही विचारलं नाही. मला बदलायला किल्लीवाल्याला बोलावलं.

त्याने माझी पट्टी सैल करायला चौकटीवर हातोडीचे दोन ठोके घातले, तशी पाचवी किल्ली टपकन त्याच्या पायाशी पडली. त्याने उचलली, फुंकर मारली, माझ्यात घालून फिरवून पाहिली. "काका, कुलूप अस्सल आहे. बदलायचंच असेल तर दुसरं काहीतरी बदला."

बापलेक त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. दार सोडून मी कुठे जाणार? पण दोघंही खाली मान घालून परतले. मावशी आल्या, काकूंसाठी आल्या. किल्ली मात्र घेईनात. "मी घंटी वाजवीन. तुम्ही उघडत जा," म्हणाल्या.

आता रोज सकाळी काका गुडघे धरत उठतात आणि दार उघडतात. मला दोन फेरे नीट फिरवणारा या घरातला एकमेव हात बाहेर घंटीवर असतो, आणि त्याच्या हक्काची किल्ली टेबलावर धूळ खाते.

तेव्हा मागणं एवढंच. दार नुसतं ओढू नका, किल्ली फिरवा. आणि किल्ल्यांचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा: कुणाला दिली, कधी दिली, कुठे ठेवली. एखादी कमी भरली, तर यादी स्वतःच्या नावापासून वाचायला घ्या.