एका लॅपटॉपात दोघं

"दोन्ही नाही राहणार काकू. एक ठेवा, एक सोडा," असं म्हणून लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप मिटला आणि काउंटरवरून तिच्याकडे सरकवला.

तिने तो परत त्याच्याकडे सरकवला. "का नाही राहणार?"

मग त्याने कारणं सांगितली. लॅपटॉप दहा वर्षांचा, बिजागरी सैल, बॅटरी मेलेली, चार्जर काढला की जागच्या जागी डोळे मिटणारा. आतली सिस्टिम इतकी जुनी की ती बनवणाऱ्यांनीही तिची विचारपूस सोडली होती. ती पुसायची आणि फुकट मिळणारी नवी, हलकी सिस्टिम टाकायची, एवढंच आता या डब्याच्या नशिबात होतं. दोन सिस्टिम एकाच लॅपटॉपात शेजारी शेजारी नांदतात हे त्यालाही माहीत होतं. पण या जुन्या डिस्कची वाटणी करताना आतलं सगळं जाण्याची भीती होती, आणि ती जोखीम तो अंगावर घेणार नव्हता.

"म्हणजे होतं, पण तुम्ही करणार नाही," ती म्हणाली. "मग तसं सांगा ना. होत नाही असं कशाला सांगता?"

लॅपटॉपवाला वाईट माणूस नव्हता. त्याने नवी सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला, सुरुवातीला कुठलं बटण दाबायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि काही गेलं तर माझ्याकडे रडत येऊ नका, असंही बजावलं. कुणाकडे रडत जाण्याची सवय तिला नव्हतीच. लॅपटॉप पिशवीत घालून ती तडक घरी आली.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणीला होती. थानावर खडूने मांडणी आखायची, चाळीस थर एकावर एक रचायचे आणि कापायचे, हे काम ती सत्तावीस वर्षं करत आली होती. स्कर्टाच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत खिसा कसा बसवायचा आणि कॉलर कुठे दडवायची, ते तिचे डोळेच परस्पर ठरवून टाकत. अन् गेल्या सोमवारी मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मांडणी कॉम्प्युटरवर होणार. ज्याला ती येईल तो टेबलावर राहील, बाकीच्यांची सोय काज-बटणाकडे. पगार तोच राहील असंही ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं, म्हणाले, "आता या वयात तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हा. डोकं तिचं, ताप तिचा, आणि काळजी करणार हे. शिकवायचं तर नावही कुणी काढलं नव्हतं. मांडणीचा तो प्रोग्राम फुकट मिळतो, घरी बसून शिकता येतो, एवढी माहिती तिने शिपिंगच्या क्लार्ककडून काढून घेतली आणि मालकांसमोर जाऊन सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी करून दाखवते. मालक हसले आणि बरं म्हणाले.

घरी लॅपटॉप होता, पण मांडणीचा प्रोग्राम त्या जुन्या सिस्टिमवर चालायला तयार नव्हता. आणि ती सिस्टिम पुसणं शक्य नव्हतं, कारण तिच्यात तिचा नवरा बोलायला शिकत होता.

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेला, सगळ्या बसला ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस. चार वर्षांपूर्वी झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण शब्द गेले ते गेलेच. वाचा-उपचारवाल्या बाईंनी तेव्हा एक सीडी दिली होती. तिच्यातला प्रोग्राम चित्र दाखवायचा, नवरा बोलायचा, आणि प्रोग्राम ते बोलणं साठवून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यालाच ऐकवायचा. ती सीडी पुढे चरे पडून निकामी झाली, ती काढणारी कंपनीही बुडाली. साठवलेले शब्द दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडतही नव्हते. मुलीने सासरी जायच्या आधी अशी व्यवस्था करून ठेवली होती की बाबांनी फक्त चालू करायचं बटण दाबायचं, प्रोग्राम आपोआप उघडेल.

हे शब्द घरच्यांबरोबर बसून शिकता येणार नाहीत का, असं शेजारीपाजारी विचारत. नाही येत. त्याने "पा" म्हणेपर्यंत समोरचा "पाणी" म्हणून मोकळा व्हायचा आणि पेलाही आणायचा. तीही यातच आली. चाळीस थर एका दमात कापणाऱ्या बाईला एका शब्दासाठी थांबवत नव्हतं, आणि याची तिला मनातून लाज वाटे. यंत्र मात्र थांबायचं. एक मिनिट, दोन मिनिटं, तो शब्द पुरा करीपर्यंत ते चूप बसून राही.

मुलीला फोन केला तर ती घाबरली. "आई, बाबांचं काही गेलं ना, तर ते परत येणार नाही," म्हणाली. नसत्या धंद्यात पडू नकोस, मी नवा घेऊन देते, पण चार-सहा महिने थांब, असंही म्हणाली. महिन्याच्या शेवटचा शनिवार काही चार-सहा महिने थांबणार नव्हता. आणि मग तिने ज्याचं होतं त्यालाच विचारलं. सगळं सांगितलं, काय जाऊ शकतं तेही न लपवता. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, लॅपटॉप उचलला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती बसली. चार्जरची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून खुर्ची आडवी लावली. पेन ड्राइव्ह खोचला, चिठ्ठीतलं बटण दाबलं. सगळं पुसून टाकू का, असं पहिल्याच पानावर विचारलेलं पाहून तिने त्या यंत्राला एक सणसणीत शिवी घातली आणि वाटणी स्वतः करण्याचा रस्ता निवडला. पुढे डिस्कची एक लांब पट्टी आली. पट्टी म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. एका पन्ह्यातून दोन कपडे काढायचे, एवढंच तर होतं.

तिने रेघ मारली. डावीकडे त्याचं जुनं, उजवीकडे आपलं नवं. आणि हाताला सवय तशी रेघेच्या दोन्ही बाजूंना शिलाईपुरती माया सोडली, तीही चांगली सढळ हाताने. यंत्र म्हणालं, नव्या सिस्टिमला जागा पुरत नाही. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा माया सोडली, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं की इथे काही उसवायचं नाही की सैल करायचं नाही, दोन तुकडे एकमेकांना चिकटूनच राहतात. रेघेला लागून कापायचं या कल्पनेनेच तिला कसंतरी झालं. तिने माया काढली आणि दाबलं.

पाऊण तास गेला. नवी सिस्टिम उघडली, स्वच्छ, निळी, हसरी. तिने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलं, तर पडद्यावर दोन नावं आली, नवी आणि जुनी, आणि खाली दहा सेकंद उलटे मोजू लागले. तिने जुनी निवडली.

काळा पडदा आला. त्यावर पांढरी अक्षरं, काहीतरी तपासत असल्याची, आणि टक्के. तीन टक्के. चार टक्के. चार टक्के. नवरा शेजारी येऊन बसला होता, हात मांडीवर ठेवून. तिला वाटलं, घालवलं मी सगळं. टेबलाच्या हट्टापायी याची चार वर्षं कापून टाकली. अकरा मिनिटांनी शंभर टक्के झाले, जुना पडदा आला आणि प्रोग्रामने एक कंगवा दाखवला. नवरा "कंगवा" म्हणाला, दोन तुकड्यांत. ती उठून मोरीत गेली आणि तोंड धुऊन आली.

मग लॅपटॉपवाल्याला फोन करून, कुठल्या ओळीत काय लिहायचं ते विचारून, तिने दहा सेकंदांत काही न दाबल्यास जुनी सिस्टिम उघडेल असं करून घेतलं. नवऱ्याला नुसतं बटण दाबायची सवय होती. आपल्या बाजूला जायला एक कळ जास्त दाबावी लागली तर तिचं काही बिघडत नव्हतं. फोनवर लॅपटॉपवाला दोनदा म्हणाला, खरंच केलंत काकू? ती म्हणाली, "नाही, तुम्हाला गोष्ट सांगतेय."

पुढचे तीन आठवडे संध्याकाळी पहिला अर्धा तास त्याचा आणि नंतरचा तिचा. माऊस तिच्या हाताला बोचायचा, कॉलर पडद्याबाहेर पळायची. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्कर्टाच्या पट्ट्यांमध्ये खिसा बसला, अगदी जिथे तिच्या डोळ्यांनी आधीच बसवला होता तिथे.

शनिवारी तिने आपलाच लॅपटॉप कारखान्यात नेला. मालक आले, क्लार्क आला, काज-बटणाकडच्या बायकाही कामं टाकून टेबलाभोवती जमल्या. तिने चार्जर लावला, बटण दाबलं. तेवढ्यात मालकांनी विचारलं की हे खेळणं कुठून आणलंत. ती उत्तर द्यायला वळली, चांगलं झणझणीत उत्तर दिलं, आणि दहा सेकंद निघून गेले.

पडद्यावर छत्री आली. आणि कालचा तिच्या नवऱ्याचा आवाज सगळ्या कारखान्यात घुमला.

"छ... छ..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी हात पुढे केला. "हे काय लावलंय? बंद करा."

तिने लॅपटॉपच्या झाकणावर पंजा ठेवला. "माझे मिस्टर बोलतायत. त्यांचा शब्द पुरा होऊ द्या."

"छ... त..."

"छत्री," मालकच म्हणाले. "कळलं."

"तुम्हाला कळलं हो. त्यांना म्हणायचंय."

कडेची दोन मशिनं चालू होती, तीही थांबली. तिने हात काढला नाही, मान खाली घातली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिलाही कसली घाई नव्हती. आवाज अडला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. सगळे उभे राहिले, मालकसुद्धा.

"छत्री," तो म्हणाला.

मग तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि दुसऱ्या नावावर जाऊन कळ दाबली. कापणीच्या टेबलाशी कुणी बसत नसतं, सत्तावीस वर्षांत तीही कधी बसली नव्हती. तिने काज-बटणाकडचं एक स्टूल ओढून घेतलं, मालक उभे असतानाच त्यावर बसली, आणि स्कर्टाची पहिली पट्टी मांडायला घेतली.