बंद घड्याळाची टिकटिक

मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. चावी दिली की चालणारं, आणि चालू लागलो की सगळ्या खोलीला कळणारं. हो, माझा आवाज मोठा आहे! कारखान्यात ज्या बाईंनी माझी चाकं बसवली, त्यांनी मला कानाशी धरून कपाळाला हातच लावला होता. दुकानात गिऱ्हाईक मला उचलायचं, ऐकायचं आणि परत ठेवायचं. "याच्यापेक्षा लोहार परवडला," असं एक आजोबा म्हणाले, तेव्हा मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

मग एके दिवशी एक भिक्खू आले. अंगावर चीवर, काखेत वह्या. त्यांनी मला बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हेच हवं. मला ऐकायलाच पाहिजे." सोबत त्यांची थोरली बहीण होती. चारचौघांत ती त्यांना 'भंते' म्हणायची, एरवी सरळ अरेतुरे. "शांतता हवी म्हणून घर सोडलंस, आणि आता हा कलकलाट नेतोस?" असं म्हणत तिनेच मला पिशवीत घातलं.

भंते बारा वर्षं एक ग्रंथ लिहीत होते. विषय जड होता, मला कळला तेवढा सांगतो. आपण काही ऐकतो, तेव्हा त्यात त्या वस्तूचं किती असतं आणि आपल्या मनाचं किती? माणूस पुरता सजग राहिला, तर मनाची भर न घालता ती वस्तू जशीच्या तशी अनुभवता येते का? मेजावर एकीकडे पाली सूत्रं, दुसरीकडे आधुनिक तत्त्वज्ञांचे जाडजूड ग्रंथ आणि मधोमध मी. काय माझा रुबाब! रोज सकाळी भंते डोळे मिटून मला ऐकत. तुम्हाला 'टिक' आणि 'टक' असं वेगवेगळं ऐकू येतं ना? माझे सगळे ठोके सारखेच असतात, टिकटक तुम्ही करता. हे भंतेंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

दुपारी बारानंतर भिक्खूंनी जेवायचं नसतं. म्हणून ते साडेअकराचा गजर लावत आणि तोवर ताई डबा घेऊन येई. गजर होईपर्यंत त्यांना हाक मारायची नाही, असा नियमच होता.

शेवटचं प्रकरण, म्हणजे भंतेंचा स्वतःचा अनुभव, लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथ छपाईला जायचा होता. त्या गडबडीत भंते मला चावी द्यायला विसरले. दहा चाळीसला माझा जीव गेला. डोळे मिटून मला ऐकत बसलेले भंते हललेसुद्धा नाहीत. ताई आली, दाराशी टेकली आणि तिला डुलकी लागली. कितीतरी वेळाने भंतेंनी वही ओढली आणि लिहिलं, "आज अखंड ऐकलं. एकही ठोका सुटला नाही. मनाने कसलीही भर घातली नाही."

ताई दचकून जागी झाली आणि तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अरे देवा, एक वाजायला आला! गजर कसा नाही झाला? आता हा डबा काय मी खाऊ?"

भंतेंनी मला उचलून कानाला लावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन तास ते नक्की काय ऐकत होते? बारा वर्षांच्या कामाचा पायाच हलला होता.

"कोणाला कळणार आहे?" ताई हळूच म्हणाली. "तुला, मला आणि या मेल्या घड्याळाला. देऊन टाक उद्या."

मीही मनातल्या मनात विनवत होतो, द्या हो भंते! एका चावीपायी सगळं मातीत जायला नको.

भंतेंनी वहीतलं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग एकदम हसायला लागले, अगदी पोट धरून. "ताई, सजगतेवर लिहिणाऱ्याला समोरचं घड्याळ बंद पडलेलं कळत नाही! हे लपवलं तर बाकीचं कशाला लिहिलं मी?" त्यांनी शेवटच्या प्रकरणाची ती पानं बाजूला काढली. प्रकाशक वर्षभर कुरकुरत थांबले. नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, "आज मी बंद घड्याळ दोन तास ऐकलं." विद्वानांनी वाखाणलं ते नेमकं हेच प्रकरण.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ताई डबा घेऊन निघाली, तेव्हा भंतेंनी मान वर केली. "ताई, उठताना भिंत धरलीस तू. कधीपासून?"

"दिसलं का बाबा एकदाचं? दोन वर्षं झाली गुडघ्याला. सांगते तेव्हा 'हं हं' करतोस."

भंतेंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि तिला बसवून घेतलं.

आता भंते नाहीत, ताईही नाही. मी ग्रंथालयातल्या कपाटावर आहे. लोक "हेच ते घड्याळ" म्हणून फोटो काढतात, चावी मात्र कुणी देत नाही. आतून गंजत चाललो आहे. मित्रांनो, मला चावी द्या, असंच मागणार होतो मी. पण माझं राहू द्या. आज घरी गेलात की तुमच्या रोजच्या माणसाकडे नीट बघा. ते माणूस खरंच बरं आहे, की तुम्ही तसं धरून चाललात? त्याला विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.